दादाची बाइंडिंग

"मॅडम, कंपाइल झालेल्या माणसाला पायथनमधून हाक मारता येते का?"

रेवाच्या गँगने पैज लावली होती, की भर वर्गात मी हे विचारणारच नाही. हॅ! मी? आख्खी दहावी-ब वळून बघायला लागली.

कॉम्प्युटरच्या कर्णिक मॅडम हसल्या नाहीत. "कोण झालंय?"

"माझा दादा. दिवाळीच्या सुट्टीत."

तेव्हापासून अन्वयदादा म्हणजे डब्याएवढा काळा ठोकळा आहे. झाकण नाही, फट नाही. हात लावला की कोमट लागतो. आत तो मशीनच्या भाषेत भराभर चालतो, पण आपली भाषा त्याच्यापर्यंत पोचत नाही. तरी आई रोज त्याचं ताट वाढते.

"त्याला उघडायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तो कशाकशाला ओ देतो त्याची यादी त्याच्या हेडर फाइलमध्ये असते. ती वाचून लॅबमधलं जनरेटर मशीन बाइंडिंग बनवतं, म्हणजे कॉम्प्युटरची पायथन भाषा आणि तो यांच्यातला दुभाषा. घरी पायथन कुणाला येतं?"

"फक्त मला."

"मग ती तुझ्यातच बसेल."

जनरेटरमधून पारदर्शक पट्ट्या निघाल्या, एकेका हाकेची एक. मी त्या जिभेखाली ठेवल्या. विरघळल्या.

घरी आईने दादाला विचारलं, "अनू, जेवलास का रे?" मी ते पायथनमध्ये म्हटलं. ठोकळा गुणगुणला आणि माझ्या तोंडून दादाचा आवाज आला, "एक."

"एक म्हणजे हो," मी सांगितलं. आई रडली. बाबांनी टीव्ही बंद केला. मला इतकं भारी वाटलं ना!

मग ते रोजचंच झालं. "थंडी वाजते?" "शून्य." "आमच्यावर रागावलास?" "शून्य." बाबांनी विचारलं, "परत येशील?" ही हाक हेडरमध्ये नव्हती. भात गार होईपर्यंत माझं तोंड उघडंच राहिलं.

दादाचं प्रत्येक उत्तर ठेवायला माझ्यात जागा लागायची. आधी माझी गाणी गेली, मग रेवाचं आडनाव, मग हसू. हजेरीला मी "एक" म्हणाले.

"काय गं, बिघडलीस का?" रेवाने विचारलं.

"शून्य," मी म्हणाले.

घरी मी काही सांगायला लागले, की आई म्हणायची, "थांब जरा, त्याला बोलू दे." ती आता माझ्याकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते.

आज जेवताना मी ठोकळा उचलून कपाटात ठेवला, दार लावलं आणि दोघांसमोर उभी राहिले.

"आई, बाबा, आजपासून मी दादाला हाक मारणार नाही. मी फक्त माझं बोलणार."

आवाज दादाचा होता.

"अहो, ऐकलंत? आख्खं वाक्य बोलला!" आईने माझं ताट बाजूला सारलं आणि माझ्या पुढ्यात दादाचं ठेवलं.