नववीचं शिसं

२००७ साल. रोहिणी नववीत दुसऱ्यांदा बसली होती. या वेळीही विज्ञानात नापास झाली तर शाळा बंद आणि उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात खोकी बांधायला जायचं, असं तिच्या आईने, हौसाने, ठरवून टाकलं होतं. हौसा पनवेलच्या कोळीवाड्यातून माझ्या दारी मासळी घेऊन यायची. मी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत शिकवून निवृत्त झालेली.

"तुमी बाई हाव ना, मग शिकवा हिला," म्हणत तिने मुलगी आणून बसवली.

आवर्तसारणीतली पहिली वीस मूलद्रव्यं पंधरा दिवसांत रोहिणीला पाठ झाली. धातू डावीकडे, अधातू उजवीकडे, हायड्रोजन तेवढा डावीकडे असून अधातू. पण वस्तू हातात दिली की ती गडबडायची. म्हणून मी सोपी युक्ती काढली. ताटली फरशीवर टाकली, ती खणखणली. कोळसा टाकला, ठप्प.

"वाजला तर धातू, नाही वाजला तर अधातू. एवढंच लक्षात ठेव."

"एवढंच? मग पुस्तकात चार पानं कशाला लिवलीत?"

"तू वाचणार आहेस का चार पानं?"

"नाय," म्हणून ती हसली.

ती चार पानं मीही नीट वाचली नव्हती.

तोंडी परीक्षेत कमलाकर सरांनी तिच्या हातावर एक करडा गोळा ठेवला. तिने तो लगेच ओळखला. तिचा बाप पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, अशाच गोळ्या लावायचा.

"शिसं, सर."

"शाब्बास. धातू की अधातू?"

तिने गोळा टेबलावर टाकला. ठप्प.

"अधातू."

दोन गुण गेले. पास व्हायला दोनच कमी पडले.

मी सरांकडे गेले. "चूक माझी आहे. मी तिला तसं शिकवलं."

"मग तुम्हालाच नापास करायला हवं, बाई," ते हसून म्हणाले. "पण निकाल हेडमास्तरांकडे गेला. आता काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी हौसा आली. तिने पाटी उतरवली.

"तुमी शिकवलं तेच बोलली ना ती?"

"हो."

"मग तिला कशाला मारू? बोंबील घेताव?"

मी घेतले. जूनमध्ये रोहिणी गोदामात लागली.

कमलाकर सर २०११ साली निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेले. हौसाचे गुडघे गेल्यावर तिने पाटी सुनेला दिली. २०१५ मध्ये हौसा वारली. मी पुढे कोणाची शिकवणी घेतली नाही. रोहिणीचं लग्न उरणच्या कुंदनशी झालं. त्याच गोदामात ती आता तीस बायकांवर मुकादम आहे. दहावीचा फॉर्म बाहेरून भरायचं तिने दोनदा ठरवलं. भरला नाही.