चष्मेवालीची ना हरकत

चष्मेवालीने माफ केलं, ही बातमी गल्लीभर झाली आणि जो तो तिचं कौतुक करायला दुकानात टपकू लागला. केवढं मोठं मन, म्हणे. ती काचा पुसत मान डोलवायची. मनात म्हणायची, कसलं मन आणि कसलं काय, इतक्या थंड डोक्याने सूड या गल्लीत कुणी उगवला नसेल.

तिचा धाकटा भाऊ आणि गोट्या जिवाभावाचे दोस्त. परदेशात एकाच बांधकामावर कामाला गेले. तिथे भांडण झालं, गोट्याने सळई उचलली, आणि भाऊ पेटीतून घरी आला. गोट्याला तिकडे जन्मठेप लागली, त्याला नऊ वर्षं होऊन गेली. आता दोन देशांत करार झाला होता. कैद्याची इच्छा असेल आणि दोन्ही सरकारं राजी असतील, तर त्याने उरलेली शिक्षा आपल्या देशात भोगावी. तिकडच्यांनी मयताच्या बहिणीचंही मत विचारलं.

ती ताडकन नाही म्हणणार होती. तिच्या वकील मावसभावाने तिला थांबवलं.

"तायडे, आधी ऐक. तिकडेच राहिला तर चांगल्या वागणुकीवर तीन वर्षांत सुटेल. इकडे आला की सुटकेचे नियम इकडचे. अजून दहा वर्षं तरी बाहेरचं वारं लागायचं नाही. आणि एकदा आला की परत जायची सोय नाही."

ताईने त्याच दुपारी ना हरकत लिहून दिली.

दोनच दिवसांनी गोट्याची आई दुकानात आली, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. "तुझे पाय धरते, पोरी," म्हणाली.

"पाय नका धरू. बसा, डोळे दाखवा."

म्हातारीने डॉक्टरांचे रिपोर्ट पुढे केले. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत, तूच सांग, म्हणाली. ताईने सांगितलं. डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात. चष्म्याने थोडे दिवस निभेल, पण फार तर दोन वर्षं, मग काहीच दिसायचं नाही. दिलाशाचा एखादा शब्द जोडता आला असता. तिने जोडला नाही.

काही महिन्यांनी गोट्या आला आणि इथल्या तुरुंगात गेला. त्याला भेटून म्हातारी नवा चष्मा न्यायला आली. याच घटकेची ताई वाट बघत होती. तिने दुकानाचं दार लोटून घेतलं.

"मावशी, तिकडे राहिला असता तर तीन वर्षांत सुटला असता. इकडे अजून दहा वर्षं तरी सुटत नाही. म्हणून हो म्हटलं मी. माफबिफ काही केलेलं नाही."

"माहितीय," म्हातारी म्हणाली. "तिकडच्या साहेबाने सही घेण्याआधी त्याला दोनदा समजावलं. मीपण फोनवर रडले, थांब म्हटलं. ऐकेना. म्हणाला, सुटून आलो तरी तोवर तुला माझं तोंड कुठे दिसणार आहे?"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं राग उराशी धरला, सापळा लावला, आणि तो माणूस सगळं समजून आपल्या पायांनी चालत त्यात येऊन बसला. वर आईसाठी! तिच्या भावाला शेवटचं आईचं तोंड बघायला मिळालं होतं का? त्यांच्या आईने तर त्या पेटीवरच डोकं आपटून घेतलं होतं.

"तू का हो म्हणालीस, तेही त्याने ओळखलं होतं," म्हातारी हळूच म्हणाली. "म्हणाला, तिला विचार, एवढ्याने भागलं का?"

ताईने नवा चष्मा उचलला, काचा उजेडात धरून पुन्हा पुसल्या.

"नाही," ती म्हणाली, आणि चष्म्याच्या काड्या म्हातारीच्या कानांमागे नीट बसवल्या.