चपला फार नीट आहेत

दर रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन मी एका फोटोची सालटी काढतो. महाड-पोलादपूरच्या हौशी फोटोवाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. त्यात मला कॅमेरा नीट धरता येत नाही, म्हणून परीक्षक मी. पूर्वी एका साप्ताहिकात लोकांची टिंगल करायचो. साप्ताहिक बंद पडलं, सवय राहिली.

त्या रविवारी अश्वजितचा फोटो आला. हा पोलादपूरचा पोरगा. मोबाइल दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात जगाकडे काळ्यापांढऱ्यात बघतो. फोटो घाटातला होता. कठड्याला टेकून आडवी पडलेली, माणसं भरून नेणारी वडापची जीप, चाकं आपल्याकडे. ओला रस्ता, मागे धुकं. येणाऱ्या गाड्यांनी सावध व्हावं म्हणून कोणीतरी रस्त्यात टाकलेल्या फांद्या. माणूस एकही नाही. आणि अगदी पुढे, कठडा तुटला होता तिथे, दरीच्या कडेला बायकी चपलांचा एक जोड.

काळापांढरा फोटो कालचा असला तरी जुनाच वाटतो. मला वाटलं, असेल कधीतरीचा. घर शांत होतं. आमची बायको उज्वला पहाटेच्या एसटीने महाडहून पोलादपूरला गेली होती, तिथून वडापने घाटातल्या गावी, बहिणीकडे. पाय समोरच्या खुर्चीवर टाकायला कोणाची हरकत नव्हती. टाकले आणि लिहिलं:

‘अश्वजितराव, जीप उत्तम पडली आहे. धुक्यानेही मनापासून सहकार्य केलं आहे. फांद्या मात्र जास्त झाल्या, अपघात आहे की मांडव ते कळत नाही. आता मुख्य तक्रार. अपघातातली चप्पल एक इकडे सापडते, दुसरी सापडतच नाही. या दोघी शेजारी शेजारी, टाचा एका रेषेत. अपघातात इतक्या नीट चपला कोण काढून ठेवतं? त्यात डावीच्या पट्ट्यावर जाड पांढऱ्या दोऱ्याची शिवण आहे. सगळ्या फोटोत उजळ ठिपका तोच. नजर तिथे जाते आणि जीप बिचारी ताटकळत राहते. चपला तुम्ही मांडल्यात, कबूल करा. दहापैकी पाच.’

हसरे चेहरे धडाधड येऊ लागले. मी खूश. मग कोणीतरी विचारलं, ‘कधीचा रे?’

अश्वजितने लिहिलं, ‘आजचाच. मघाशी काढला.’

मी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसेना.

पांढरा दोरा. गेल्या आठवड्यात उज्वलाने स्टँडसमोर चप्पल शिवून आणली होती. शिवणाऱ्याकडचा काळा दोरा संपला, म्हणून त्याने पांढऱ्याने शिवली. दोन दिवस ती म्हणत होती, “बघा तरी कसं दिसतंय ते!” मी पेपरामागून म्हणालो होतो, “छान दिसतंय.” बघितलं नव्हतं.

आता बघितलं. दोन बोटांनी फोटो ताणला. दोरा मोठा झाला, मग नुसते पांढरे चौकोन झाले.

तिला फोन लावला. ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर असल्याचं एका बाईने फार गोड आवाजात सांगितलं. पुन्हा लावला. बाईचा गोडवा तसूभर कमी झाला नाही. मग अश्वजितला लावला.

“जयभीम काका! पाचच?”

“चपला तू ठेवल्यास ना?”

“आईशपत काका, हात नाय लावला.”

“अरे, रागावत नाही मी. घरून आणल्यास, आईच्या आहेत, असं म्हण. दहापैकी दहा देतो.”

“काय बोलताय काका? होत्या तशाच घेतल्या मी.”

“रंग कुठला होता?”

तो विचारात पडला. “कॅमेरा काळापांढराच लावलेला असतो ना माझा. राखाडी असतील.”

“राखाडी चपला कोण घालतं रे? चॉकलेटी होत्या का?”

“असतील पण.”

“आणि त्यातली बाई?”

“मी पोचलो तेव्हा मानसं खाली दरीत उतरलेली. वरडत होती. मी फोटो घेतला नि निघालो. तुम्हीच सांगता ना, फ्रेममधी गर्दी नको.” मग एकदम त्याचा आवाज उतरला. “काका, काकी गेल्यात काय त्या बाजूला?”

मी पायांत चपला अडकवत होतो. तो म्हणाला, “पोलादपूरच्या दवाखान्यात आणनार म्हनत होते सगळ्यांना.”

बाहेर महादूची रिक्षा उभी होती. बसलो आणि पहिलं काम म्हणून ग्रुपवरचा माझा मजकूर पुसायला घेतला. घाईत ‘सर्वांसाठी’ ऐवजी ‘फक्त माझ्यासाठी’ दाबलं गेलं. माझ्याकडून तो नाहीसा झाला, बाकी सगळ्यांकडे राहिला. माझंच वाक्य वर चिकटवून लोक खाली हसत होते. फोन मांडीवर थरथरत होता, आणि दर खेपेला मला वाटे, तिचा आला.

“काय झालं काका? तोंड असं का?” महादूने आरशातून विचारलं.

मी त्याला फोटो दाखवला. हायवेवर एका हाताने रिक्षा हाकत त्याने तो नीट बघितला.

“चपला जोडीनं हायत,” तो म्हणाला.

“हो ना,” मी म्हणालो. “म्हणजे तिने स्वतः काढल्या असतील. उभी असेल. धड असेल.”

“नायतर मागनं कोनीतरी गोळा करून ठेवल्या असतील. मानसाला उचललं का त्याचं सामान असं एका जागी लावतात ना…” त्याला आरशात माझा चेहरा दिसला. “नाय नाय, तसं नसंल. काकींचं काय पन नसंल तसं.”

त्याने रिक्षाचा वेग वाढवला. मी डोळे मिटले की पांढरा दोरा दिसे, उघडले की महादूची मान दिसे, म्हणून मानेकडेच बघत बसलो. आयुष्यभर उज्वलाने मला दारातल्या चपलांवरून झापलं. माझी एक उंबऱ्यात, एक पलंगाखाली. शाळेत पोरांच्या चपला रांगेत लावून घेणारी बाई ती. घाटात जीप उलटल्यावर चपला रांगेत लावायचं भान तिला राहील का? राहील, असं म्हणावं, तर त्या जोडाला लागूनच दरी होती. राहणार नाही, असं म्हणावं, तर त्या कोणी लावल्या?

दवाखान्याच्या आवारात गर्दी होती. मी चेहरे बघायला धजलो नाही, पाय बघत निघालो. पायांत बूट, रबरी चपला, कुठे नुसतं बँडेज. पांढरा दोरा कुठेच नाही. व्हरांड्यातल्या बाकावर दोन अनवाणी पाय होते, गुडघ्यापर्यंत चिखल, एका पोटरीवर रक्ताचा ओघळ. कोणाची बिचारी, असं म्हणून मी पुढे गेलो.

“अहो! कुठे चाललात?”

वळलो. पायांच्या वर उज्वला होती.

मी पोटरीकडे बोट दाखवलं. म्हणालो, “रक्त.”

“माझं नाही. एका पोरीचं. आमची जीप मागून येत होती. पुढची उलटली आणि ती पोर खाली झाडात अडकली. गवत इतकं निसरडं, चपला घालून उतरता येईना.” तिने माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता आणि ती तो सोडत नव्हती. “वर येईपर्यंत बोलत होती हो. मग बोलायची थांबली. आत घेतलंय. माझ्या चपला तिथेच राहिल्या.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला कसं माहीत?”

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. मी लपवायला गेलो आणि तो पडला. तिने उचलला. पडद्यावर माझंच वाक्य होतं, खाली पाच हसरे चेहरे. तिने ते मोठ्याने वाचलं, फळ्यावरचं वाचावं तसं: “‘अपघातात इतक्या नीट चपला कोण काढून ठेवतं?’”

तिने फोन माझ्या हातात परत दिला.

“मी,” ती म्हणाली. “मग कशा काढायच्या होत्या?”

आतलं दार उघडलं. नर्सने बाहेर बघून विचारलं, “त्या मुलीबरोबर कोण आहे?”

कोणी पुढे आलं नाही. तिची माणसं अजून घाटातून यायची होती. नर्सच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. उज्वला उठली, अनवाणीच. मी मागे गेलो. दाराशी चपला काढायच्या होत्या. घाईत एक इकडे, एक तिकडे भिरकावली आणि तिच्यामागे आत पाऊल टाकलं. मग परत आलो, वाकलो, दोन्ही शेजारी लावायला गेलो.

डावी वाकडीच राहिली.