शकूचा अंगठा

शकुंतला अहिरे मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. १९९३ साल असेल. घर डोंबिवली पूर्वेला, सोनारपाड्याच्या एका बैठ्या चाळीत, आणि कॉलेज ठाण्याला. आठवडाभर ती हॉस्टेलवर राहायची. शनिवारी घरी यायची ती कापडी पिशवीत हाडं घेऊन. एका सीनियर मुलीनं दिलेला अर्धा सांगाडा होता तो. आई, रमाबाई, ती पिशवी चुलीच्या बाजूला ठेवू द्यायची नाही. वडील, बाबुराव, मात्र एकेक हाड हातात घेऊन नाव विचारायचे आणि न चुकता विसरायचे.

सोमवारी छातीची तोंडी परीक्षा होती. शकू उरोस्थी घेऊन बसली होती, म्हणजे छातीच्या मधोमध उभं असतं ते चपटं हाड. वीतभर लांब आणि वजनाला जवळजवळ काहीच नाही. आकार तलवारीसारखा: वर रुंद मूठ, मग लांब पातं, खाली बोथट टोक. दोन्ही कडांना बरगड्या येऊन बसतात त्या खाचा. पुस्तकातलं सगळं तिला पाठ होतं. पण शरीररचनेच्या फणसे मॅडम परीक्षेत नुसतं हाड विचारत नसत. एखाद्या मुलाला समोर उभं करून म्हणत, "आता जिवंत माणसावर दाखवा." म्हणून शकूला सरावासाठी एक छाती हवी होती.

बाबुराव कामावर गेले होते. चाळीमागच्या जुन्या घरातले नाथाकाका तेवढे ओट्यावर बसलेले दिसले. नाथा म्हात्रे इथलेच, आगरी. कंपन्या उभ्या राहिल्या त्या जागेतली थोडी जमीन त्यांच्या वडिलांची होती, आणि आता ते बाबुरावांबरोबर त्यातल्याच एका शेडमध्ये कामाला होते. चपलांचे तळ चिकटवायचं सोल्यूशन तिथे बनायचं.

"काका, तुमची छाती हवी होती अभ्यासाला."

"घे ना गो," नाथाकाका बनियन काढत म्हणाले. "जुना माल चालंल ना?"

ते चटईवर उताणे झाले. शकूनं स्केचपेन घेतलं. गळ्याखालच्या खळगीवर खूण केली. तिथून बोट खाली सरकवलं तसा एक आडवा उंचवटा लागला. "इथे मूठ आणि पातं जुळतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "याच्या बाजूला दुसरी बरगडी. मोजायला इथून सुरुवात करायची. पहिली नीट हाताला लागत नाही." दुसरी, तिसरी, चौथी. नाथाकाका छताकडे बघत हुंकार देत होते. पातं संपून टोक कुठे सुरू होतं ते कळावं म्हणून तिनं अंगठ्यानं थोडं दाबलं.

नाथाकाकांचं अंग कमानीसारखं वर आलं. त्यांनी तिचं मनगट धरलं. क्षणभर त्यांना श्वासच घेता आला नाही.

"हळू गो," ते शेवटी म्हणाले.

"मी जोरात नाही दाबलं, काका."

"मंग डरम उचलून दुखत असंल." ते उठून बसले, हसले आणि अंगणात जाऊन थुंकले. थुंकी लाल होती. ते पान खात नसत. शकूनं पाहिलं, पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही. ते गेल्यावर तिनं स्वतःचं हाड त्याच जागी दाबलं. जोर लावून दाबलं. मग आईचं. दोघींनाही काही झालं नाही.

परीक्षा चांगली गेली. उठताना तिनं मॅडमना विचारलं, "मॅडम, छातीचं हाड नुसतं दाबलं तर दुखतं का?"

फणसे मॅडम गुणपत्रिका आवरत होत्या. "कुणाचं?"

"शेजारचे काका आहेत. इथे, पात्याच्या खालच्या भागावर."

मॅडमनी टेबलावरची उरोस्थी उचलली आणि तिच्यासमोर धरली. "हे कोरडं दिसतं ना तुला? जिवंतपणी असं नसतं. हाताची, पायाची लांब हाडं मोठेपणी आतून बरीचशी निवृत्त होतात. हे मात्र शेवटपर्यंत रक्त तयार करत राहतं. आत लाल मज्जा असते. तिच्यात नको ते वाढायला लागलं की जागा पुरत नाही. ते आतून बाहेर ढकलत असतं." त्यांनी हाड खाली ठेवलं. "तू बाहेरून दाबलंस. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं का?"

शकूनं मान डोलावली. तिला ती थुंकी आठवली होती.

"उद्याच्या उद्या त्यांचं रक्त तपासून घ्या," मॅडम म्हणाल्या. "आणि हे बघ, त्यांना कारण सांगत बसू नकोस."

रक्ताचा रिपोर्ट आला त्याच दिवशी नाथाकाकांना ठाण्याला दाखल करून घेतलं. रक्ताचा कर्करोग होता. खात्री करण्यासाठी मज्जा काढायची होती, आणि तेव्हा ती छातीच्या हाडातून काढत. शकू कॉलेजची आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी तिला आत उभं राहू दिलं. "दुसरी बरगडी दाखव," ते म्हणाले. तिनं बोट ठेवलं. सुईला मध्ये एक अडसर लावलेला असतो, कारण हाड बोटाएवढंही जाड नसतं आणि त्याच्या लगेच मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. डॉक्टर सुई फिरवत दाबत गेले. जरासा आवाज झाला. नाथाकाका सुईकडे बघत नव्हते, शकूकडे बघत होते.

डॉक्टरांनी बाहेर आल्यावर विचारलं, "काम काय करतात?"

"सोल्यूशनच्या कंपनीत. ड्रममधून बेंझॉल ओततात."

त्यांचं लिहिणं थांबलं. "हातानं? त्याची वाफ मज्जेवरच जाते. आणखी किती जण आहेत तिथे?"

शकू मनात एकेक नाव मोजू लागली, पहिलं बाबांचं. बाबांच्या सदऱ्याला कायम एक गोडसर वास यायचा. लहानपणी तिला तो आवडायचा.

पावसाळा संपायच्या आत नाथाकाका गेले. त्यांची बायको मनुबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायची, "शकूनं हात लावला तवाच कललं. मोठ्या डॉक्टरना मागून कललं." ते चाळभर झालं, चाळीतून शेडमध्ये गेलं. पुढच्या रविवारी सकाळी दारात शेडमधले तिघे उभे होते. चंदू, दामाजी आणि भिवा. बाबुरावांना त्यांनी कळवलंही नव्हतं.

"ताई, आमचंपण बघ ना," चंदू म्हणाला. तो तिघांत तरुण होता. "फक्त दाबून."

"मी डॉक्टर नाही अजून. आपण रक्त तपासू."

"ते नंतर. आधी तू दाब."

तिनं नको नको म्हणत दाबलं. चंदूला काही झालं नाही. दामाजीच्या हाडावर अंगठा ठेवताच तो ओरडला, आणि त्याचा चेहरा असा पडला की चंदूनं त्याचा खांदा धरला. भिवानं शर्टाची बटणं आपली आपणच उघडली. "मला गुदगुल्या होतात," म्हणून तो हसला. त्याला खरंच काही झालं नाही.

दामाजीचं रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित निघालं. बरगडी हाडाला जुळते तिथलं कूर्चेचं दुखणं होतं, ओझं उचलून झालेलं. पण रिपोर्ट येईपर्यंत तो जेवला नव्हता, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईनं, जनाबाईनं, शकूला रस्त्यात अडवून विचारलं होतं, "माझ्या पोराला काय केलंस गं?" भिवानं मात्र रक्त दिलंच नाही. अंगठ्यानं पास केलंय, तो म्हणायचा. दिवाळीनंतर शेडमध्येच त्याचं नाक वाहायला लागलं ते थांबेना. डोंबिवलीतून ठाण्याला नेईपर्यंत त्याचं अंग पांढरं पडलं होतं. तो वाचला नाही. त्याची मज्जा सुकून गेली होती. वाढायला आत काही नव्हतंच, मग हाड दुखणार कशानं?

शकूनं हाडांची पिशवी त्या दिवशी हॉस्टेलवर नेऊन ठेवली, ती परत घरी आणली नाही. तिला आता स्वतःच्या हाताची भीती वाटत होती. आणि चाळीला तिची. ती समोरून आली की पुरुष नकळत शर्टाचं वरचं बटण लावायचे.

या सगळ्यात बाबुराव स्वतःचा विषय टाळत होते. रक्त तपासू म्हटलं की "पुढच्या आठवड्यात", काम सोडा म्हटलं की "आणि जाऊ कुठे?" शकूनं त्यांच्याजवळ बसायचा प्रयत्न केला की ते उशी छातीशी धरून बसायचे. सकाळी दात घासताना नळ मोठा सोडायचे आणि चूळ भरून झाली की मोरीवर तांब्याभर पाणी ओतायचे. रमाबाई ते बघत होती.

"बघ ना एकदा," एका रविवारी दुपारी ती शकूला म्हणाली. बाबुराव जेवून उताणे झोपले होते. "झोपेत आहेत. कळायचं नाही त्यांना."

"आई, त्यानं काही कळत नाही. भिवाकाकांचं बघितलंस ना?"

"मला कळंल."

शकू चटईशी बसली. बाबांची छाती वर-खाली होत होती. तिनं अंगठा ठेवला, दाबला नाही. बाबुरावांनी डोळे उघडले. ते झोपलेले नव्हतेच.

"दाब," ते म्हणाले.

तिनं दाबलं. ते हलले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही.

"नाही दुखत," ते म्हणाले. "आता झालं समाधान?"

पण त्यांच्या चटईवरच्या हाताची मूठ वळलेली होती, आणि ती सावकाश उघडली तेव्हा तळहातावर नखांच्या चार खुणा होत्या. रमाबाईनं त्या पाहिल्या. ती उठली, कोनाड्यातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याकडे पाठ करूनच बोलली.

"नाथाभावजींची मनुबाई रोज माझ्याकडे येऊन बसते. मी कुणाकडे जाऊन बसू ते सांगा, मग जा कामाला."

मग बाबुरावांनी सदरा घातला. "चल," ते शकूला म्हणाले. "कुठे द्यायचं रक्त?"

रिपोर्ट वाईट होता, पण सगळ्यात वाईट नव्हता. लाल, पांढऱ्या, गोठवणाऱ्या, तिन्ही पेशी कमी झाल्या होत्या. त्यांच्याही हाडातून मज्जा काढली. शकू या वेळी आत गेली नाही. डॉक्टर म्हणाले, "कर्करोग दिसत नाही. मज्जा दमलीय. उभारी धरेल, नाहीतर नाहीही धरणार. त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही."

"मग दाबल्यावर त्यांनी मूठ का वळली? दुखलं कशानं?" शकूनं विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. कधीकधी माणूस भीतीनंही मूठ वळतो."

बाबुरावांनी काम सोडलं. मेहुण्याची, सखारामची, शीळफाट्याला रसवंती होती. तिथे ते बसू लागले. शकूनं फणसे मॅडमच्या मदतीनं सरकारी कचेरीत तक्रार दिली. सही करायला दामाजी तेवढा आला. एक साहेब येऊन शेड बघून गेले. त्यानंतर एका सकाळी शेडला कुलूप होतं आणि आतले ड्रम गायब होते. चाळीला वाटलं, संपलं. बाबुरावांच्या रक्तातल्या पेशी हळूहळू चढत होत्या. रमाबाईनं त्या वर्षी पहिल्यांदा मनुबाईला घेऊन बाजार केला.

दुसऱ्या उन्हाळ्यात शकू रसवंतीवर बाबांचा डबा घेऊन गेली होती. एक मोटारसायकल येऊन थांबली. चंदू उतरला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"बाबुराव, बरे दिसताय," तो म्हणाला. "मी इथेच आहे आता. मागच्या गोडाऊनच्या पलीकडे. सुपरवायझर केलाय मला. शेठनं तुमचं नाव काढलं परवा. तुमचा हात बसलेला आहे. येताय का?"

बाबुरावांनी चरक थांबवला. "तेच काम?"

"तेच. बोर्ड नाही लावला अजून."

"भिवाला तू उचलून नेलंस ना रे गाडीत?"

चंदूनं ग्लास उचलला, रस बघितला, पुन्हा खाली ठेवला. "मला कुठे काय झालं? सगळ्यांना थोडंच होतं."

"माणसं कोण आहेत तिथे?" शकूनं विचारलं.

"दिवा गावातली. एक गेला की दोन येतात." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "ताई, तू तिकडे येऊ नको. मला त्रास होईल."

तो रस न पिताच गेला. बाबुराव म्हणाले, "शिफ्ट सुटली की ती पोरं इथे येतात रस प्यायला. मला वाटायचं, गोडाऊनची हमाली करतात."

शकू थांबली. संध्याकाळ व्हायच्या आधी चौघे-पाच जण रस्ता ओलांडून आले आणि बाकड्यावर बसले. त्यातला एक, रघु नावाचा, बाकड्याच्या टोकाला भिंतीला टेकून बसला आणि बर्फ जास्त टाका म्हणाला. शकू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आपण कोण, कुठे शिकतो ते तिनं सांगितलं. तो जागचा उठला नाही. दोनदा जिना चढलं तरी दम लागतो, म्हणाला.

"वर बघ," ती म्हणाली, आणि त्याची खालची पापणी बोटानं ओढली. आतली बाजू कागदासारखी पांढरी होती.

"किती दिवस झाले कामाला?"

"होळीला लागलो."

शकूनं वळून बाबांकडे पाहिलं. बाबुराव आधीच गल्ला बंद करत होते. "मामाला बसव इथे," ते म्हणाले. "मी रिक्षा बघतो."