सहा उंदीर आणि गुड फ्रायडे

मर्लिनला आज चर्चला आणायलाच नको होतं. माणिकपूरच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेची तीनची प्रार्थना सुरू व्हायची होती, घंटासुद्धा आज वाजत नाही, आणि ही बया मोबाइलला डोळे लावून आवारात येरझाऱ्या घालत होती!

का, ते सांगतो. कॅन्सरच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांना एका ठरावीक साखरेची भारी ओढ. ती साखर बनवणं महाकटकट. म्हणून मर्लिनने तीन वर्षं खपून प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा बनवला होता, पेप्टाइड. नळ्यांना तो साखरच वाटावा, असा. त्याच्या पाठीवर औषध लादलं, की ते नेमकं गाठीत जावं आणि बाकी शरीराला झळ कमी लागावी. झळ म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मम्मीचा, कार्मिनचा, कॅन्सर उलटला होता आणि दुसऱ्या केमोने ती पार पिचून गेली होती.

काल सहा उंदरांना चमकणारा रंग लावलेलं पेप्टाइड टोचलं. त्यातल्या तिघांना आधी खरी साखर दिलेली, म्हणजे नळ्यांतल्या जागा अगोदरच भरलेल्या, पेप्टाइडला चिकटायला वावच नाही. सहांपैकी तिघांच्याच गाठी चमकल्या. न चमकलेले साखरवालेच निघाले, तर जिंकलं! सरमिसळ निघाली, तर सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख सर काम बंद करणार. साखर कोणाला दिली, हे मर्लिनपासून मुद्दाम लपवलेलं; ती यादी प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या हरेश्वरकाकांकडे, आणि ते सुट्टीला चिंचोटीच्या घरी.

फोन वाजला.

“काका, पटकन सांगा!”

“आधी तुझे न चमकलेले नंबर लिहून पाठव. मग मी तोंड उघडणार.”

काय खडूस माणूस! पण नियम तो नियम. तिने पाठवले: दोन, तीन, सहा.

“साखरवाले,” काका वाचू लागले, “दोन. तीन...”

“काका, जीव घेताय!”

“सहा, पोरी! सहा!”

मर्लिन किंचाळलीच. अख्खं आवार वळून बघायला लागलं.

कार्मिनने तिचा दंड धरला. “अगं, आज दिवस कोणता? लाज आहे का?”

“मम्मी, जमलं! गाठीत गेलं!” आणि मग मर्लिनचा आवाज एकदम खाली आला. “पण माणसांपर्यंत यायला दहा वर्षं तरी जातील. तुझ्या कामी नाही गं येणार.”

कार्मिनने तिचा दंड सोडला.

“तेव्हाही कोणाच्या तरी आईला होईलच की. तिचे एवढे हाल नकोत. ओरड तू, खुशाल ओरड!”

आणि पहिली टाळी तिनेच वाजवली.