बुवांचा नेम

सानगडीच्या सप्त्यात कीर्तनाला उभं राहण्याआधी मुकुंदबुवांचा गुडघा ठणकू लागला. भक्ताने दिलेलं नाकारायचं नाही, हा बुवांचा नेम. भैय्यालाल नावाच्या भक्ताने दिलेली अ‍ॅस्पिरिन त्यांनी नुकतीच घेतली होती. तेवढ्यात गोदावरीबाई दुखण्याची दुसरीच गोळी घेऊन आल्या. बुवांनी हात पुढे केला.

"थांबा जी बुवा!" यजमानीण रत्नाबाई धावल्या. "अशाच दोन गोळ्या मिसळून आमच्या सासऱ्याच्या पोटातून रक्त गेलं होतं. डाक्टरले इचारल्याशिवाय घेऊ नका."

"पण बाई, माझा नेम?"

"मी बी भक्तच हाव ना? मग हे घ्या!" म्हणत त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

गोदावरीबाईंनी हसत गोळी पदराला बांधली. बुवा आयुष्यात प्रथमच बसून गायले, आणि विठ्ठलनामाने मांडव दुमदुमला.