दारावरची थाप

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या ओडेल प्रुइटला एका बंद पडलेल्या कंपनीच्या सोल या कृष्णवर्णीयांच्या गायकीतल्या गाण्यांच्या तबकड्या जमवायचा नाद होता. त्यांतली सर्वांत दुर्मीळ तबकडी हाती लागली आणि त्याला चैन पडेना. गाण्यात शेवटच्या कडव्याआधी कोणीतरी दारावर थाप मारल्याचा आवाज चक्क ऐकू येत होता. कोण असेल?

अखेर त्याने गायिकेलाच गाठलं. व्हर्डेल गेन्स आता ऐंशीला टेकल्या होत्या आणि चर्चच्या आवारात मासे तळत होत्या.

"ती माझी आई," त्या हसून म्हणाल्या. "चर्चच्या गायनवृंदाची तालीम बुडवून मी चोरून गायला गेले होते ना! कडवं पुरं केलं, मगच दार उघडलं. तिने कान धरून घरी नेलं. पुन्हा गाणार कोण? होतं तेच कंपनीने तबकडीवर छापलं."

"पण ही तबकडी कुठंच कशी मिळत नाही?"

"आईने दुकानं पालथी घालून मिळतील तेवढ्या विकत घेतल्या."

"फोडायला?"

"मलाही तसंच वाटलं होतं. पण माझी पोर गाते म्हणत तिने त्या मिसिसिपीतल्या बहिणींना वाटल्या. मला पत्ता लागू दिला नाही. ती गेल्यावर मावशांनी सांगितलं."

ओडेलचे डोळे चमकले. "कुठल्या गावी?"

"जाऊन बघ बाबा. एक देतील तर शपथ!"

शनिवारी तो गेलाच. व्हर्डेलबाईंच्या मावसबहिणीने त्याला कॉफी पाजली, पुन्हा पुन्हा गाणं ऐकवलं, पण तबकडीला हात काही लावू दिला नाही.